विमान कंपन्यांचे विलीनीकरण : मार्ग कोणासाठी?

(पक्षाच्या मराठी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विमान कंपन्या एकत्र आल्या काय आणि वेगळ्या राहिल्या काय, श्रमिकांच्या चळवळीला त्याचे काय, अशी शंका मनात येणे साहजिक आहे. परंतु आखातात राबणारा केरळचा मजूर, आगत्तीहून उपचारासाठी कोचीला येणारा लक्षद्वीपचा रुग्ण, धावपट्टीवर सामान चढवणारा कंत्राटी कामगार आणि रात्रपाळीचा वैमानिक या सर्वांचे जीवन या निर्णयांशी बांधलेले आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

भाषांतराचे काम करताना सरकारी निवेदनांतील शब्दांशी रोज झटापट करावी लागते. 'मर्जर' या शब्दाला आपण विलीनीकरण म्हणतो. विलीन होणे म्हणजे विरघळणे. मीठ पाण्यात विरघळते, पाणी मिठात विरघळत नाही. त्यामुळे प्रत्येक विलीनीकरणासंबंधी दोन प्रश्न विचारावे लागतात : कोण कोणात विरघळले, आणि त्यातून मोकळी झालेली साधने कोठे गेली?

प्रथम या व्यवहाराची यंत्रणा पाहू. दोन कंपन्यांची विमाने एकाच मार्गावर एकाच सुमारास अर्धी रिकामी उडत असतील, तर विलीनीकरणानंतर एकच विमान भरून जाते आणि दुसरे मोकळे होते. ते मोकळे विमान सिल्चरला पाठवायचे की दिल्ली-मुंबई मार्गावरच आणखी एक फेरी काढायची, हा धोरणाचा प्रश्न असतो. दुसरा बदल केंद्रांचा. सर्व गावे एकमेकांना जोडण्याऐवजी ती एका मोठ्या केंद्राला जोडायची व तेथे प्रवासी बदलायचे, ही पद्धत मोठ्या कंपनीला परवडते. आपल्या देशाला ती नवी नाही. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमत, टपालाची व प्रवाशांची अदलाबदल करत आणि परत फिरत. एक केंद्र नीट चालले की चार शहरे परस्परांना जोडली जातात, आणि ते केंद्र कोलमडले की चारही अडतात.

आता इतिहासाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळाल्याने देशात अनेक खाजगी कंपन्या उभ्या राहिल्या आणि तोट्यात बुडू लागल्या. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने आठ कंपन्यांची मालमत्ता एकत्र करून देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स महामंडळ स्थापन झाले. परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळी राहिली. हेही एक विलीनीकरणच होते. त्याचे तत्त्व असे की, मोठ्या शहरांमधील मार्गांच्या उत्पन्नातून दुर्गम भागांतील तोट्याचे मार्ग चालवावेत. या महामंडळात विलंब होता, नोकरशाही होती, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु कोणता मार्ग चालवायचा याचा जाब संसदेत विचारता येत होता.

हे तत्त्व आपोआप टिकत नाही, याचा दाखला वायुदूतने दिला. १९८१ साली प्रामुख्याने ईशान्य भारतासाठी सुरू झालेली ही सरकारी सेवा पुढे देशभर पसरली. तोटा वाढला तशी तिची ठिकाणे गळत गेली, १९९० च्या दशकात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली, आणि तिचे जाळे पुन्हा उभे राहिले नाही. १९९४ मध्ये हवाई महामंडळ कायदा रद्द झाला. त्याच वर्षी सर्व कंपन्यांना बंधन घालण्यात आले की, मुख्य मार्गांवरील क्षमतेच्या किमान १० टक्के इतकी सेवा ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान व लक्षद्वीप या भागांना द्यावी. बाजार आपणहून तेथे जाणार नाही, याची ती सरकारी कबुलीच होती.

२००७ साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. कागदावर त्यात तर्क होता. एकीचे मार्ग प्रामुख्याने परदेशी, दुसरीचे देशांतर्गत व शेजारी देशांचे. एकीने दुसरीला प्रवासी पुरवावेत. परंतु दोघींची वेळापत्रके, आरक्षणव्यवस्था, विमानांचे प्रकार, वेतनश्रेणी आणि बढतीचे नियम वेगळे होते. इंडियन एअरलाइन्सचे 'आयसी' हे उड्डाणचिन्ह २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत चालू राहिले. विलीनीकरणाआधीच दोन्ही कंपन्यांसाठी मिळून १११ विमानांची खरेदी ठरली होती. तिच्यावर आणि विलीनीकरणाच्या वेळेवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात कडक टीका केली.

कामगारांच्या दृष्टीने सर्वात कटू भाग पुढेच आहे. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी संप केला. २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर राहिले. नव्या ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणात दुसऱ्या गटाला वाटा देण्यास त्यांचा विरोध होता. ज्येष्ठता व वेतन यांचा मेळ घालण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ साली, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. व्यवस्थापनाने आधी सोडवायचा प्रश्न न सोडवल्याने एकाच छपराखालचे कामगार एकमेकांसमोर उभे राहिले.

शेवट आपल्याला ठाऊक आहे. २०२१ मध्ये १८,००० कोटी रुपयांच्या बोलीवर एअर इंडिया टाटा समूहाला विकण्यात आली. एकूण ६१,५६२ कोटींच्या कर्जापैकी १५,३०० कोटी खरेदीदाराकडे गेले. उरलेले ४६,२६२ कोटी शासनाच्या एका स्वतंत्र कंपनीवर, म्हणजे पर्यायाने जनतेवर राहिले. लहान विमाने चालवणारी अलायन्स एअर या विक्रीतून वगळली गेली. मोठे मार्ग खाजगी आणि दुर्गम भागाला जोडणारी छोटी कंपनी सरकारी, अशी ही वाटणी आहे.

त्यानंतर २०२४ मध्ये टाटा समूहाने चार कंपन्यांच्या दोन केल्या. ऑक्टोबरमध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये एआयएक्स कनेक्ट, म्हणजे पूर्वीची एअरएशिया इंडिया, विलीन झाली आणि १२ नोव्हेंबरला ७० विमानांची विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. महानगरांतील व दूर पल्ल्याचे मार्ग एअर इंडियाकडे, लहान शहरांचे व आखाताचे बरेचसे मार्ग एक्स्प्रेसकडे, अशी विभागणी आकाराला आली. या प्रक्रियेतही पहिला धक्का श्रमिकांना बसला. एप्रिलमध्ये नव्या वेतनकरारावरून विस्ताराच्या वैमानिकांत असंतोष पसरला व उड्डाणे कमी करावी लागली. मे महिन्यात एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी सामूहिक रजेवर गेले. काहींना बडतर्फ करण्यात आले आणि कामगार आयुक्तांच्या मध्यस्थीनंतर परत घ्यावे लागले. संघटित राहिल्यास काय साधता येते, हे त्या काही दिवसांत दिसले.

आज देशातील दर दहा प्रवाशांपैकी सुमारे नऊ जण इंडिगो आणि एअर इंडिया या दोन गटांच्या विमानांतून जातात. याचा अर्थ डिसेंबर २०२५ मध्ये उघड झाला. वैमानिकांना आठवड्यात सलग ४८ तास विश्रांती आणि रात्रीच्या उतरणीवर मर्यादा, असे सुरक्षेचे नियम लागू झाले. इंडिगोने त्यासाठी पुरेशी तयारी केलेली नव्हती. ५ डिसेंबरला तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. एवढ्या प्रवाशांना सामावून घेईल अशी दुसरी यंत्रणा देशात उरली नव्हती. शासनाने भाड्यांवर मर्यादा घातली खरी. पण त्याचबरोबर विश्रांतीच्या नियमांतून त्या कंपनीला तात्पुरती सूटही दिली. मक्तेदारीपुढे कायदाच कसा वाकतो, याचे हे ताजे उदाहरण आहे.

मग आपली भूमिका काय असावी? विलीनीकरणाला सरसकट विरोध हे आपले धोरण असू शकत नाही. १९५३ चा अनुभव आपण विसरलेलो नाही. आपल्या मागण्या ठोस हव्यात. कोणते मार्ग चालू राहतील हे मंजुरीपूर्वीच प्रसिद्ध व्हावे आणि ते कंपनीवर बंधनकारक असावे. असे करता येते : एअर इंडिया-विस्तारा विलीनीकरणाला मान्यता देताना सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाने दिल्ली, मुंबई, चेन्नई व तिरुचिरापल्ली या मार्गांवरील क्षमता टिकवण्याची हमी घेतली. सिंगापूरने आपल्या प्रवाशांसाठी घेतलेली अशी हमी आपल्या शासनाने सिल्चर व आगत्तीसाठी का घेऊ नये? ज्येष्ठता, वेतन व कामाचे तास यांचा करार कामगार संघटनांशी आधी व्हावा. विश्रांतीचे नियम कोणत्याही कंपनीच्या सोयीसाठी शिथिल होऊ नयेत. आणि अलायन्स एअरला विमाने व वैमानिक देऊन ती सक्षम करावी.

विमानतळांवरील कंत्राटी कामगारांत आपले जे सहकारी काम करत आहेत, त्यांनी हे प्रश्न कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांसमोरही मांडावेत, एवढी विनंती करून मी माझे बोलणे संपवतो.