आतून आणि बाहेरून
(हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



नर्मदाकाठच्या आपल्या जुन्या फायबर बोटीच्या दुरुस्तीला एवढा खर्च का आला, असे काहींनी विचारले आहे. त्याचा हिशेब द्यायला मी उभा आहे.

सरदार सरोवराच्या पाण्याने नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. काठावर राहिलेल्या अनेक पाड्यांना आजही पाण्याचीच वाट जवळची आहे. अडलेली बाई, तापाने फणफणलेले लेकरू, धान्याची पोती, सगळे बोटीनेच येते-जाते.

बोटीचे फायबर कुजत नाही. कुजते ते त्याच्या आतले लाकूड. ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगतात, तिच्यात स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरते. हातोडीने हलके ठोकले की चांगली फळी टणक वाजते, कुजलेली बद्द वाजते. आपली बद्द वाजली. बाहेरचा रंग मात्र चकचकीत होता. भर पाण्यात ती फळी सुटली असती, तर बोटीतल्या माणसांचे काय झाले असते?

साधी प्लाय स्वस्त होती. आम्ही आयएस 710 शिक्क्याची मरीन प्लाय घेतली. तिचा ग्लू 72 तास उकळत्या पाण्याच्या परीक्षेत टिकतो. तरी लाकूड ते लाकूडच, ओल लागली की कुजणार. म्हणून तिची प्रत्येक कड इपॉक्सीने बंद केली. बोल्टचे भोक आधी मोठे पाडले, इपॉक्सीने भरले आणि ते सुकल्यावर त्यातच बोल्टपुरते भोक पाडले. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडले असते, पण जुन्या फायबरवर इपॉक्सीची पकड जास्त घट्ट बसते. न कुजणारा फोमही मिळतो. पण पुढची दुरुस्ती पाड्यावरच्या तरुणांना स्वतः करता यावी, म्हणून प्लायच निवडली. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, तेव्हा शेवटी वरून रंग दिला.

उत्पत्तीच्या 6व्या अध्यायात देव नोहाला तारवाला आतून आणि बाहेरून डांबर लावायला सांगतो. आतले डांबर काठावरच्या कोणाला दिसणार होते? पण तारवात जीव होते.

बंधुभगिनींनो, रंगासाठी आणि नावाच्या पाटीसाठी आपण आनंदाने देता, त्याबद्दल आभार. आतल्या फळीवर कोणाचे नाव लिहिता येत नाही. आरोग्यसेविकेचे मानधन आणि बोटीचे इंधन यांचाही फोटो निघत नाही. या वर्षी आपले दान त्यासाठी द्या, ही नम्र विनंती. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.