करंड्याचे झाकण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळवला तो लाकडी करंड्याचा. चिटणिसांनी पुन्हा विचारणा केली की, लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नव्हती. पंचवीस-तीस वर्षे संघटनेचे काम केल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, मजुरीचा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी काम समजून घ्यावे लागते. आणि ते आम्हांला फार उशिरा समजले, हेच आज सांगायचे आहे.

हा पाहा तो करंडा. तोंड तीन इंचांचे, वर घुमटाकार झाकण, बाहेरून तांबडी लाख. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा करंडा आजीच्या पेटीत निघेल. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळे, पाट, खेळणी यांबरोबर अशा वस्तू पाहायला मिळतात. लाकूड गोल फिरवून त्याला पटाशी लावायची, याला आपल्या भाषेत कातणे म्हणतात, आणि ते करणारा तो कातारी. सूतही कातायचे आणि लाकूडही कातायचे! चरख्यावरच्या कातण्याला मोठा मान मिळाला. लाकडाच्या कातण्याकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही. असो.

करंडा कातताना लाकडाचा तुकडा झाडात जसा उभा होता तसाच यंत्रावर आडवा धरतात. म्हणजे लाकडाच्या रेषा झाकणाच्या टोकापासून बुडापर्यंत सरळ जातात. झाकण आणि भांडे एकाच तुकड्याचे करायचे. प्रथम सगळा तुकडा गोल करून घ्यायचा, मग वरचा तिसरा हिस्सा झाकणासाठी कापून वेगळा करायचा. आता कोणता भाग आधी पोखरायचा? आम्ही म्हणालो असतो, भांडे. कातारी आधी झाकण पोखरतो. झाकणाची आतली भिंत अगदी सरळ यायला हवी. ती आत रुंदावली किंवा निमुळती झाली की पुढचे सगळे काम फुकट. झाकण झाले की भांड्याच्या तोंडावर एक उभी कड काढायची, तिच्यावर झाकण बसणार. ही कड जाणूनबुजून थोडी जाड आणि वर किंचित निमुळती ठेवतात. यंत्र फिरत असतानाच झाकण तिच्यावर हलके टेकवायचे. जिथे घासले तिथे कडेवर एक चकचकीत रेघ उमटते. ती रेघ म्हणजे झाकणाचे खरे माप. तिच्यापर्यंत लाकूड काढायचे, पुन्हा टेकवायचे, पुन्हा काढायचे. सुतार सुताच्या हिशेबाने बोलतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कारखान्यातला आमचा टर्नर इंचाचा हजारावा भाग मोजतो. कातारी काहीच मोजत नाही. त्याची फूटपट्टी ही रेघच.

पुढची युक्ती आम्हांला सर्वांत आवडली. झाकण आधी मुद्दाम घट्ट बसवतात, इतके घट्ट की भांड्याबरोबर तेही फिरावे. मग दोन्हींचे बाहेरचे अंग एकत्रच कातायचे. म्हणून तर सांधा बोटाला लागत नाही. लाखही त्याच स्थितीत चढते. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. कर्नाटकात चन्नपट्टणचे कारागीर वरून केवड्याच्या जातीचे पान दाबून तिला चकाकी आणतात. हे सगळे झाल्यावर अगदी शेवटी कडेवरून पटाशीचा एक हलका हात फिरवून झाकण सैल करायचे. किती सैल? उचलताना भांडे बरोबर उचलले जाऊ नये, आणि भांडे आडवे झाले तरी झाकण पडू नये. एवढ्या दोन वाक्यांत ते मावते. हाताला यायला मात्र वर्षे लागतात. आम्हीही एकदा पटाशी धरून पाहिली. ती तुकड्यात रुतली आणि तुकडा उडून आमच्या कानाजवळून गेला. मंडळी हसली आणि त्यानंतर आमच्याशी मोकळेपणाने बोलू लागली.

आता गोष्ट येते ती तिथून. काही वर्षांपूर्वी तळकोकणातल्या एका गावच्या कातारी मंडळींनी आम्हांला बोलावून घेतले. व्यापारी दर नगाला जी मजुरी देत होता ती वाढवून हवी होती. व्यापाऱ्याचे म्हणणे असे की, दर वाढवायचा कशाला? घाटावर पाठवलेला माल उन्हाळ्यात परत येतो, झाकणे अडकतात. परत आलेल्या नगाची मजुरी तो कापून घेत असे. त्याने आम्हांला एक परत आलेला करंडा दाखवला. झाकण एका जागी नीट बसे, पण पाव फेरा फिरवले की अडकून बसे. आम्ही तो हातात घेऊन पाहिला आणि कबूल केले पाहिजे, मनातून आम्हांलाही व्यापाऱ्याचे पटले. संध्याकाळच्या सभेत आम्ही मजुरांना उपदेशही केला की, दर मागायचा तर आधी हातातले काम सुधारा. कुणी उलट बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घड्याळ घेऊन बसलो. तुकडा यंत्रावर चढल्यापासून लाख चढेपर्यंत पाऊण तास. तासाच्या मजुरीने हिशेब केला, दरपत्रक तयार केले, मोठ्याने वाचून दाखवले. कोपऱ्यात एक म्हातारे कातारी बसले होते, सगळे त्यांना आबा म्हणत. ते म्हणाले, "भाऊनू, तुमच्या घड्याळात लाकूड सुकूचो वेळ खंय आसा?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आमची शाळा लवकर सुटली; जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परत आल्यावर तिथेच लाकडाचे शास्त्र शोधून वाचले. ओल्या लाकडातले पाणी कमी होऊ लागते तेव्हा आधी लाकूड आकसत नाही. पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांवर आले की तिथून खाली ते आकसू लागते, आणि सर्व अंगांनी सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीच्या दिशेने थोडे, आणि वर्षवलयांच्या अंगाने त्याच्या साधारण दुप्पट. सागवान पूर्ण ओले असताना धरून अगदी कोरडे केले, तर एकीकडे अडीच टक्के आणि दुसरीकडे पाच टक्क्यांच्या आसपास आकसते. सागासारख्या शांत लाकडाची ही गत! तीन इंच तोंडाचा करंडा ओल्या सागात कातला तर घरात वाळल्यावर तो एका बाजूने दुसरीपेक्षा मिलिमीटरभर तरी अरुंद होतो. म्हणजे गोल राहत नाही, लांबट होतो. झाकणही तसेच लांबट होते. दोन्ही लांबट आकार एकावर एक आले की झाकण बसते, आडवे आले की अडकते. पाव फेऱ्याचे कोडे ते हे. त्यातून कोकणच्या पावसाळी हवेत केलेली वस्तू देशावरच्या चैत्र-वैशाखात गेली, मग काय विचारता!

आबांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते. त्यांच्या वडिलांची रीत अशी की, करंडा आधी ओबडधोबड पोखरायचा, भिंत जाड ठेवायची, आणि तसे कच्चे नग सहा-आठ आठवडे माळ्यावर भुशात ठेवून द्यायचे. त्यांना काय वाकडे व्हायचे ते तिथे होऊ द्यायचे. मग पुन्हा यंत्रावर चढवून गोल करायचे. यात श्रम दोनदा, पण श्रमांचे काही नाही. प्रश्न आठ आठवड्यांचा. माळ्यावर शंभर नग पडून राहिले तर तोवर घरात चूल कशी पेटणार? व्यापारी पैसे देतो ते तयार नगाचे, शनिवारच्या शनिवारी. म्हणून सोमवारी आणलेले ओले लाकूड शुक्रवारी करंडा होऊन बाहेर पडे. ज्याला आम्ही हाताचा दोष म्हणालो होतो तो हाताचा नव्हताच. त्या सभेतला आमचा उपदेश आठवला की आजही मान खाली जाते. पुढच्या खेपेस भरसभेत आम्ही शब्द परत घेतले.

कायद्याचीही एक गंमत सांगतो. 1948 च्या किमान वेतन कायद्यात, मालकाने दिलेल्या कच्च्या मालावर घरी बसून काम करणाऱ्यालाही कामगार मानले होते. आमच्या व्यापाऱ्याला हे चांगले ठाऊक असावे. तो लाकूड देत नसे. उधारीवर विकत असे. वहीत दोन खाती, लाकूडविक्रीचे आणि करंडेखरेदीचे. त्यामुळे कागदोपत्री तो झाला गिऱ्हाईक आणि हे झाले स्वतंत्र धंदेवाले. वाळणाऱ्या लाकडाचे व्याज, तडकलेल्या नगाचे नुकसान, परत आलेल्या मालाची कपात, सगळे त्या स्वातंत्र्याच्या खाती! पूर्वी दोरीने यंत्र फिरवत तेव्हा दोरी ओढायला बायको बसे, तिची मजुरीही याच हिशेबाने कुठे दिसत नसे. मोटार आल्यावर तिच्या जागी विजेचे बिल आले. ते मात्र दर महिन्याला दिसते.

मग आम्ही दरपत्रक फाडले आणि नवी मागणी केली. दराबद्दल एक अक्षर नाही. मागणी एवढीच की, कच्चा नग मोजून माळ्यावर गेला की त्याच दिवशी निम्मी मजुरी द्यावी, उरलेली तयार झाल्यावर. तीन महिने बोलणी चालली. दोघा व्यापाऱ्यांपैकी एकाने मान्य केले. त्याचा परत येणारा माल खूप कमी झाला. अगदी थांबला नाही, कारण लाकूड ते लाकूडच. दुसऱ्याने मान्य केले नाही. त्याच्याकडचे लोक आजही ओलेच कातत आहेत आणि त्यांची कपात चालूच आहे. तिथे आम्हांला यश आले नाही, हे सांगितल्यावाचून हे व्याख्यान खरे होणार नाही. येत्या पावसाळ्याआधी आम्ही पुन्हा जाणार आहोत. आबा आता नाहीत. त्यांचा नातू कातकाम करतो.

हा करंडा आबांच्या हातचा. माळ्यावर आठ आठवडे राहिलेल्या पहिल्या शंभरांपैकी एक. तो इथे टेबलावर ठेवतो. आभारप्रदर्शन झाल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पुढे यावे. झाकण ओढू नका. आधी बसल्या जागीच त्याला एक पूर्ण फेरा देऊन पाहा, आणि मग उचला.