स्कूटरचे वजन, शॉक आणि चाके
स्कूटरचे वजन कमी करताना ते कुठले आहे, हे आधी पाहावे लागते. स्प्रिंगच्या वरचे वजन शॉक अॅब्सॉर्बर पेलतो; चाक, टायर आणि ब्रेक मात्र प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट खातात. बहुतेक गिअरलेस स्कूटरमध्ये इंजिनही मागच्या चाकाबरोबरच वर-खाली होते. मागच्या सीटवर कंबर दुखते ती बरीचशी यामुळेच. इंजिन हलके करता येत नाही, त्यामुळे तिथे चांगल्या शॉकचाच खरा उपयोग. नुसती कडक स्प्रिंग बसवणे चुकीचे. तेल गळून शॉक निकामी झाला, की एका खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलते.

लोखंडी गार्ड काढले, डिकी रिकामी केली, की फुकटात काही किलो कमी होतात.

10 इंची चाक खड्ड्यात खोल उतरते, 12 इंची त्यावरून सहज जाते. अॅक्टिव्हाच्या 2020 च्या मॉडेलमध्ये पुढे टेलिस्कोपिक फोर्कसह 12 इंची चाक आले. मागचे 10 इंचीच राहिले. जुन्या गाडीला मोठे चाक बसवल्यास ते मडगार्डला घासू शकते, स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ची बंधने आहेत.