मांजराचं पिलू खात नाही, काय करायचं?

शेळ्या, कोंबड्या, गायीगुरं यांच्याबद्दल आपण रेडिओवर नेहमी बोलतो. आज जरा वेगळ्या जनावराबद्दल बोलू. दूध देत नाही, अंडी देत नाही, बाजारात विकायलाही नेत नाही, तरी खेड्यातल्या बऱ्याच घरांत ते असतंच. मांजर.

तुम्ही म्हणाल, ताई, मांजरावर काय भाषण करायचं? पण गेले दोन-तीन महिने गटांच्या मासिक बैठकांत हप्ते, व्याज, वसुली झाली की कुणीतरी हळूच विचारतं, "उंदरांसाठी मांजराचं पिलू आणलंय, पण ते काही खातच नाही. भाकरीला तोंड लावत नाही, दूध अर्धं टाकतं. लई नखरे आहेत त्याचे." प्रश्न छोटा वाटतो, पण त्यामागे कणगीतली ज्वारी आहे, जपून ठेवलेलं बियाणं आहे, पापडाच्या पिठाची पोती आहेत. उंदीर धान्य खातो त्यापेक्षा जास्त नासवतो. लेंड्या, मूत, कुरतडलेली पोती, सगळंच आलं. त्यामुळे पिलू जगलं पाहिजे आणि घराला धरून राहिलं पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे मांजर हे मूळचं मांस खाणारं जनावर आहे. कुत्रं भाकरी-कालवणावर निभावून नेतं, मांजराचं तसं नाही. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचा एक घटक लागतो. तो मांस, मासे यांतून मिळतो, ज्वारी-बाजरीतून मिळत नाही. तो दीर्घकाळ कमी पडला तर मांजराची नजर जाते, हृदय कमजोर होतं. आणखी एक गंमत सांगते. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. त्यामुळे आपण प्रेमानं साखर घालून दूध-भाकरी कुस्करली तरी त्या साखरेचं त्याला काही नसतं. भाकरी नाकारणारं पिलू माजलेलं नसतं. हे आपलं अन्न नाही, एवढंच ते सांगत असतं.

मग दुधाचं काय? आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच मांजरांना गायी-म्हशीचं दूध पचत नाही. आवडीनं पितात आणि मग ढाळ लागते. ढाळ लागली की पिलू मलूल होतं, आणखी खात नाही आणि आपण म्हणतो, "खात नाही तर दूध तरी पाजा." हे चक्र तोडायला हवं. दूध पचत असेल तर दोन-चार चमचे चालतील, पण ते जेवण नव्हे. पाणी मात्र स्वच्छ हवं, आणि खाण्याच्या ताटलीपासून थोडं लांब ठेवलेलं.

आता पिलू का खात नाही ते शोधू. बाळ रडलं की आपण एकेक कारण तपासतो ना, तसंच.

आधी वय बघा. एका गटात असंच झालं. घरात बियाण्याची ज्वारी होती, उंदीर फार, म्हणून शेजारच्या वस्तीवरून पिलू आणलं. ते होतं जेमतेम सव्वा महिन्याचं. तीन दिवस कोपऱ्यात बसून ओरडत राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "उपाशी ठेवा, भूक लागली की आपोआप उंदीर धरेल." सुनेला ते पटेना. तिनं बैठकीत विषय काढला. गटातल्या एका जाणत्या काकूंनी विचारलं, "त्याची आई आहे का अजून?" आई होती. पिलू परत नेऊन आईजवळ ठेवलं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आणलं. आता ते उकडलेलं अंडंही खात होतं आणि हलत्या सुतळीवर झेपही घेत होतं.

यात जादू काही नाही. चौथ्या आठवड्याच्या आसपास पिलू आईच्या दुधासोबत दुसरं खायला लागतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध सुटतं. आई जे खाते तेच पिलू खायला शिकतं. ती आधी मेलेला उंदीर आणून पुढ्यात टाकते, मग अर्धमेला, मग जिवंत. म्हणजे खायचं काय आणि धरायचं कसं, हे दोन्ही धडे एकाच शाळेत मिळतात. लवकर तोडलेलं पिलू खाण्यातही अडतं आणि शिकारीतही कच्चं राहू शकतं. मांजरीचे दात पिलांना लागत नाहीत म्हणतात. त्या दातांतूनच पिलू शिकतं, हेही लक्षात ठेवा. दोन महिन्यांच्या आत पिलू आणू नका.

दुसरं, जागा. नवं घर, परकी माणसं, दारात कुत्रं, मुलं सारखी उचलताहेत. अशा गोंधळात पिलू खात नाही. पहिले चार-पाच दिवस एक शांत कोपरा द्या. खोकं, त्यात जुनं लुगडं, आणि खाणं रोज तिथंच. हागायची राखेची किंवा वाळूची पाटी खाण्यापासून दूर ठेवा. घाणीजवळ मांजर जेवत नाही.

तिसरं, वास. मांजर आधी नाकानं जेवतं. सकाळचं गार अंडं हुंगून निघून जातं, तेच कोमट करून दिलं की खातं. उंदीर मारला तर तो गरमच असतो, म्हणून कोमट त्याला ताजं वाटतं. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर वास येत नाही आणि खाणं सुटतं. ओल्या कापसानं नाक हलकेच पुसा.

चौथं, तोंड. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून पक्के येतात. हिरड्या दुखतात. तेव्हा मऊ, कुस्करलेलं द्या.

पाचवं, पोट. पिलांना जंत आईच्या दुधातूनही येतात. पोट नगाऱ्यासारखं, अंग काडीसारखं, केस रुक्ष, तर जंत धरून चाला. पण घरात शेळीचं जंताचं औषध आहे म्हणून अंदाजानं पाजू नका. पिलाचं वजन करून गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारा. लसही तिथंच विचारा.

आणि सहावं कारण, शेजारीण. पिलू तुमच्याकडं उपाशी दिसतं आणि तीन घरं फिरून पोट भरून येतं. "वहिनी, तुमच्याकडं काय खातं हो?" एवढं विचारलं की अर्धे नखरे उलगडतात.

आता द्यायचं काय? उकडलेलं अंडं कुस्करून. कच्चं नको. कोंबडी घरात शिजणार असेल तर मसाला पडायच्या आधी दोन तुकडे बाजूला उकडून, हाड काढून. आठवडी बाजारातली सुकट, जवळा चांगला, पण त्यात मीठ फार. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, मग उकडा. रोज नुसती सुकट नको, आणि कलेजी आठवड्यातून एखाद्या वेळी, थोडीच. नुसत्या मांसावरही पिलाची हाडं नीट भरत नाहीत, त्यात कॅल्शियम कमी असतं. परवडत असेल तर पिलांसाठीचं तयार खाद्य थोडं मिसळा. कुत्र्याचं खाद्य मांजराला पुरत नाही. ज्या घरात अंडंही चालत नाही त्यांनी पिलू आणण्याआधीच याचा विचार करावा. ओसरीवर वेगळी ताटली ठेवायची, की शेजारणीच्या मदतीनं भागवायचं, हे घरात बोलून ठरवा.

देण्याची पद्धत अशी. मांजराचं पोट एका वेळी एका लहान उंदराएवढं खायला घडलेलं आहे. म्हणून थोडं थोडं द्या. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढं दोनदा. अर्ध्या तासानं उरलेलं उचला. माशा बसलेलं शिळं पुढ्यात राहिलं की त्या ताटलीचाच वीट येतो. नवीन पदार्थ एकदम बदलू नका. आठ-दहा दिवस जुन्यात थोडा थोडा मिसळत वाढवा. दोन-तीन प्रकार आलटून पालटून दिले तर एकाच चवीचा हट्ट लागत नाही. आणि घरातल्या एकीनंच खाऊ घालावं. आजीनं ताटातलं, पोरानं वाटीतलं, सुनेनं चुलीजवळ, असं चौघांनी चार वेळा दिलं की ते ताटलीतलं कशाला खाईल?

उपाशी ठेवलं की उंदीर धरेल, ही समजूत सोडून द्या. मांजर भरल्या पोटीही शिकार करतं, तो त्याचा स्वभाव आहे. उपाशी मांजर मात्र घर सोडून जातं. मग शिंकं तुटतं शेजारचं आणि भांडण येतं आपल्या दारी.

काही गोष्टी मात्र अजिबात नको. कांदा-लसूण घातलेला रस्सा, शिजवलेली हाडं, चॉकलेट. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, अर्ध्या गोळीनंही मांजर दगावतं. गुरांच्या गोचिडीचं औषध त्याच्या अंगाला लावू नका, ते अंग चाटतं आणि विष पोटात जातं. आणि घरात उंदराचं विष ठेवलं असेल तर मांजर आणू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला की तेही जातं. विष ठेवायचं की मांजर, दोन्हींतलं एकच.

दवाखान्यात कधी जायचं? दोन महिन्यांच्या आतल्या पिलानं अर्धा दिवस काही घेतलं नाही, किंवा मोठ्या पिलानं पूर्ण दिवस खाल्लं नाही, तर थांबू नका. उलट्या, रक्ताची ढाळ, अंग गार पडणं, तोंडातून लाळ, यांपैकी काही दिसलं तर तासही मोजू नका. दर आठवड्याला वजन करा. आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढ असली तर पिलू नखरेल असलं तरी ठीक आहे. वजन थांबलं किंवा उतरलं तर तो नखरा नव्हे, आजार आहे.

जाता जाता आपल्या तब्येतीचं. मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मिळते. मुलं ओरखडा लपवतात, त्यांना न रागावता विचारा. गरोदर बाईनं मांजराची पाटी साफ करू नये. दुसऱ्या कुणीतरी ती रोजच्या रोज साफ करावी, आणि मातीत काम केल्यावर हात स्वच्छ धुवावेत. एवढं केलं तर मांजर हाकलायची गरज नाही.

सख्यांनो, मुकं जनावर खात नाही तेव्हा आपण पटकन म्हणतो, माजलंय. घरात एखादी सून दोन घास कमी खाते तेव्हाही पुष्कळदा हेच ऐकू येतं. का खात नाही, हे विचारायला पैसे पडत नाहीत. पुढच्या बैठकीत ज्यांच्याकडं पिलू आहे त्यांनी त्याचं वय, वजन आणि ते काय खातं हे सांगा. एकीचा अनुभव दहाजणींच्या कामी येतो, गट त्यासाठीच आहे. पुन्हा भेटू. नमस्कार.