दाताच्या गराचे नवनिर्माण



दात म्हणजे तोंडात रोवलेला निर्जीव खडा, अशी समजूत घरोघरी आढळते. म्हणूनच किडलेला दात ‘काढून टाका’ असे सहज म्हटले जाते. वस्तुतः बाहेरच्या शुभ्र आवरणाखाली दंतिन आणि त्याच्या पोकळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी युक्त असा मऊ, सजीव दंतगर असतो. आवरण घडविणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात. त्यामुळे गेलेले आवरण परत येत नाही. दंतिन घडविणाऱ्या पेशी मात्र गराच्या कडेने रांगेत आयुष्यभर कार्यरत राहतात. त्या प्रथम कोलॅजेन तंतूंचे जाळे विणतात; मग त्यात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक बसून ते कठीण होते. दंतिनाचे सुमारे ७० टक्के वजन या खनिजाचेच असते.

खोल किडीने या पेशीच मेल्या, तर गरातील मूळ पेशी त्यांचे काम पत्करू शकतात. इ.स. २००० मध्ये अमेरिकेत ग्रोंथोस, शी आदी संशोधकांनी काढलेल्या अक्कलदाढांतून अशा पेशी वेगळ्या केल्या. उंदरांच्या शरीरात त्यांनी दंतिनसदृश ऊती घडविली. परंतु त्याहून बोलका प्रयोग १९६५ चा आहे. काकेहाशी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांचा गर उघडा केला. सामान्य उंदरांत तो सडला. जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांत मात्र जखमेवर दंतिनाचा पूल बांधला गेला. शत्रू जखम नव्हे, जंतू होते!

दंतवैद्य हेच तत्त्व वापरतात. कीड काढून गरावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड अथवा १९९० च्या दशकात आलेले एमटीए हे सिमेंट लावतात आणि दात घट्ट बंद करतात. काही आठवड्यांत त्याखाली कठीण थर तयार होऊ लागतो. अट एकच, गर जिवंत हवा. थंड पाण्याने क्षणभर शिणशिणणाऱ्या दातात ही आशा बहुधा असते. आपोआप रात्रभर ठणकणाऱ्या, गळू आलेल्या दातात ती फारशी उरत नाही.

मुलांचे पडलेले दात शुल्क घेऊन साठवण्याचा व्यवसाय मधल्या काळात बोकाळला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दातांच्या अशा व्यापारी साठवणुकीस मान्यता दिलेली नाही. पालकांनी तो पैसा वाचवावा.

लक्ष द्यावयाचे ते सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेकडे. ती दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. म्हणून अनेक माता तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडेलच’ म्हणून थांबतात. ती पडून पुन्हा येणारी नव्हे. उगवल्यानंतर तिचे मूळ पूर्ण व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात. तेवढ्यात गर मेला, तर मूळ आखूड व पातळ भिंतींचे राहते. कामणच्या कुटुंबांनी वसई रोडवरून पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रल गाठल्यास जवळच १९३३ साली स्थापन झालेले महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. ठणका सुरू होण्याआधी मुलास तेथे दाखवावे.