संगणकातील खतावणी आणि सायबर विमा



पुणे-नाशिक महामार्गालगतच्या कुरुळी, चिंबळी, निघोजे परिसरात मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक लघुउद्योग आहेत. तेथे यंत्रांचा विमा असतो, मालाचा आगीचा विमा असतो, टेम्पोचा तर कायद्यानेच सक्तीचा असतो. मात्र ज्या संगणकात कीर्द-खतावणी, ड्रॉइंग व बँकेचे व्यवहार साठविलेले असतात, त्याचा सायबर विमा क्वचितच आढळतो. दिवाळीत पूजन लाल वहीचे होते. खरी वही केव्हाच संगणकात गेली!

लहान माणसाकडे चोर कशाला येईल, असा समज सर्वत्र आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून चोरट्यांनी २८ देशांतून पैसे काढले आणि पुढे सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळविले. एकूण नुकसान ९४ कोटींचे झाले. तेथे निदान स्वतंत्र संगणक विभाग होता. वर्कशॉपमध्ये बहुधा एकच हिशेबनीस असतो. शिवाय फसवे ई-मेल हजारोंना एकाच वेळी जातात, त्यात लहानमोठा असा भेद नसतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते, अथवा नेहमीच्या पुरवठादाराच्या नावे "आमचे बँक खाते बदलले आहे" असा निरोप येतो.

या दुसऱ्या प्रकारातच खरी मेख आहे. रक्कम मालकाने स्वहस्ते पाठविलेली असते. अनेक पॉलिसींत अशा फसवणुकीसाठी वेगळे कलम घ्यावे लागते व त्याची भरपाईमर्यादा मूळ विमा रकमेहून बरीच कमी असते. माहिती पुन्हा उभी करण्याचा खर्च, तज्ज्ञांचे शुल्क, काम बंद पडल्याचे नुकसान या बाबी सामान्यतः समाविष्ट असतात. परंतु काम बंद पडल्याची भरपाई ठरावीक तास उलटल्यानंतरच सुरू होते. एजंट हप्ता आधी सांगतो, कलमे विचारावी लागतात.

विमा हा परम विश्वासाचा करार होय. प्रस्ताव अर्जात "बॅकअप नियमित घेतला जातो" असे लिहून प्रत्यक्षात तो घेतला नाही, तर दावा नाकारला जाऊ शकतो. ज्यांच्याकडे संगणकापासून अलग ठेवलेला बॅकअपच नाही, त्यांनी पॉलिसीआधी एक हार्ड डिस्क घ्यावी, हेच शहाणपणाचे. खाते बदलल्याचा निरोप आल्यास पुरवठादाराच्या जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी. यास तर हप्ताही पडत नाही.

फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि बँकेस तत्काळ कळवावे. पैसा पुढच्या खात्यातून काढला जाण्यापूर्वी गोठविता येतो, आणि त्या तक्रारीची नोंद विमा कंपनीकडील दाव्यासही जोडावी लागते.