संगणक प्रणालीचा जागल्या
(वार्षिक सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



यंदाच्या जमाखर्चात ‘संगणक प्रणाली देखरेख’ असे एक नवे शीर्ष आपणांस दिसेल. रक्कम फार मोठी नाही. तथापि हाच पैसा डायलिसिस विभागाकडे का वळविला नाही, असा प्रश्न काही देणगीदारांनी सभेपूर्वी विचारला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सविस्तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

आज रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून घरी जाईपर्यंत रुग्णाचा प्रत्येक टप्पा संगणकात नोंदला जातो. केसपेपर, रक्ताचा अहवाल, औषधांचे भांडार, खाटांची उपलब्धता आणि अखेरचे बिल ही सारी एकाच धाग्यात ओवलेली आहेत. खान्देशाला या बदलाची ओळख लवकर झाली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे जिल्हा होता. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांत लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. या योजनेत शस्त्रक्रियेपूर्वीची मंजुरी संगणकावरूनच मागावी लागते. प्रणाली अडली की मंजुरी अडते आणि मंजुरी अडली की बाहेर बाकावर बसलेल्या कुटुंबाचा जीव टांगणीला लागतो.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावर आणखी एक जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली व १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आलेली योजना आपणांस ठाऊक आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात आणि अन्य रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. खाटांची व बिलांची नोंद वेळच्या वेळी झाली नाही, तर रिकामी खाट असूनही ती गरजूला मिळत नाही.

आता देखरेख म्हणजे नेमके काय, ते सांगतो. धुळे जिल्ह्यातील ज्येष्ठांना पांझरा नदीवरील फड पद्धत आठवत असेल. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडाफडांतून फिरे. पाटकरी पाणी देई, जागल्या उभ्या पिकावर नजर ठेवी. जागल्या नांगर धरीत नसे. परंतु पिकात गुरे शिरली तर पहिली हाक त्याचीच असे. देखरेख प्रणाली हा आपल्या संगणकांचा जागल्या आहे. ती ठरावीक मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरला विचारते : जागा आहेस का? स्मृती किती उरली? डिस्क किती भरली? डेटाबेसने उत्तर द्यायला किती सेकंद घेतले? यूपीएसची बॅटरी किती वेळ पुरेल? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो, त्या दिवसांत वातानुकूलन यंत्र बंद पडले तर सर्व्हरच्या खोलीचे तापमान पाहता पाहता चढते. म्हणून त्या खोलीतला तापमापकही प्रणालीला जोडला आहे.

इशारा केव्हा द्यायचा, हेही ठरवून दिलेले असते. तापीवरील हतनूर धरणाचे ४१ दरवाजे पाणी डोक्यावरून गेल्यावर उघडत नाहीत. पातळी व वरून येणारी आवक पाहून निर्णय होतो आणि नदीकाठच्या गावांना आधी सूचना जाते. त्याच न्यायाने डिस्क पूर्ण भरण्याची वाट न पाहता ती ८० टक्के भरताच संदेश येतो.

या कामी महागडी परवाना फी लागत नाही. १९९९ मध्ये ईथन गॅल्स्टॅड यांनी सुरू केलेली व पुढे ‘नागिओस’ नावाने प्रसिद्ध झालेली प्रणाली किंवा लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांची ‘झॅबिक्स’ ही मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहेत. आपला खर्च झाला तो एक स्वतंत्र छोटा संगणक, संदेशसेवा आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांवर.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला ही गोष्ट रोजमेळाच्या भाषेत समजली. लेखापरीक्षण वर्षाअखेर होते, रोजमेळ मात्र रोज संध्याकाळी जुळवावा लागतो. तसेच हे आहे. सरासरीवर विसंबू नये, हा धडाही हिशेबाचाच. समजा, १०० पावत्यांपैकी ९५ पावत्या २ सेकंदांत निघाल्या आणि ५ पावत्यांना प्रत्येकी ६० सेकंद लागले. सरासरी येते ४.९ सेकंद, कागदावर उत्तम. पण ते पाच जण खिडकीशी ताटकळले, हे सरासरी सांगत नाही. म्हणून आम्ही सर्वांत संथ पावत्या वेगळ्या काढून पाहतो.

याचा प्रत्यक्ष लाभ सांगतो. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीच्या वेळी बिलाच्या खिडक्या रोज मंदावत. कोणी नेटवर्कला दोष देई, तर पुरवठादाराच्या मते सर्व्हरच जुना झाला होता. नव्या सर्व्हरचे दरपत्रकही टेबलावर आले होते. देखरेखीच्या आलेखाने मात्र दाखविले, की त्याच वेळी औषध भांडाराच्या साठ्याचा मोठा अहवाल तयार होत असे आणि डेटाबेस त्यात गुंतून पडे. तो अहवाल रात्री काढण्याची व्यवस्था केली आणि खिडक्या मोकळ्या झाल्या. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही. डायलिसिस विभागाकडे वळविण्याजोगा पैसा वाचतो तो असा.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. जागल्या हाक देतो. धावून जायचे काम माणसांचे. म्हणून प्रत्येक विभागात छापील नमुने ठेवले आहेत आणि संगणकाविना काम करण्याचा सरावही घेतला जातो. इशारे फार झाले की कोणी ते वाचत नाही, हे अतिदक्षता विभागातील परिचारिका जाणतात. यास्तव अनावश्यक संदेश बंद केले आहेत. आणि जागल्याच झोपला तर? रोज सकाळी आठ वाजता ‘सर्व ठीक’ असा संदेश यावा, असा दंडक आहे. तो आला नाही, तर तोच इशारा समजायचा.

रुग्णांच्या गोपनीयतेविषयी नातेवाइकांनी निश्चिंत असावे. ही प्रणाली वेळ व भार मोजते. रुग्णाचे नाव वा आजार यांच्याशी तिला कर्तव्य नाही. प्रणालीतील घडामोडींच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्यात, असा ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेचा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे व त्यानुसार आपण त्या ठेवतो.

शेवटी एक हिशेब आणि एक प्रस्ताव. ‘आमची प्रणाली ९९ टक्के वेळ सुरू असते’ हे वाक्य ऐकायला गोड वाटते. पण चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाकाठी ८७ तास ३६ मिनिटे, साडेतीन दिवसांहून अधिक. ९९.९ टक्के म्हटले तरी पावणेनऊ तास होतातच. म्हणून पुढील वर्षापासून टक्केवारी न देता, प्रणाली एकूण किती तास बंद होती व कोणत्या कारणाने, याचा तक्ता ताळेबंदाशेजारी छापावा, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे. देणगीदारांना पैशांचा हिशेब मिळतो. रुग्णांना त्यांच्या वेळेचा हिशेब मिळावयास हवा.

खिडकीशी थांबावे लागल्यास नातेवाइकांनी वेळ नोंदवून चौकशी कक्षात अवश्य द्यावी. यंत्राला सेकंद कळतात, त्या सेकंदांची चिंता आपणच सांगू शकता.